हाकललेल्या माणसाचा सेवापूर्ती सोहळा

विजेवर चालणाऱ्या स्कूटरला सायलेन्सर नसतो. ही गोष्ट जगाला कळून बरेच दिवस झाले होते. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात कारभारी नरवडे सायलेन्सर तपासायचे, त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाला ती एका सोमवारी सकाळी कळली, आणि कळल्याबरोबर व्यवस्थापनाने तातडीने उपाय केला. जी माणसं हेच गेली काही वर्षं कॅन्टीनमध्ये बोंबलून सांगत होती, त्या माणसांना काढून टाकलं.

'काढून टाकलं' हा शब्द अर्थातच कुणी वापरला नाही. एच.आर. मॅनेजर विश्वजीत साहेबांनी एकेकाला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. तिथे एसी होता, काजूची बिस्किटं होती, बाटलीबंद पाणी होतं. कंपनीत कामगाराला बाटलीचं पाणी मिळालं की नोकरी गेली असं समजावं, हे शहाणपण कारभारींना नंतर सुचलं. मोबाईल बाहेर काढून घेतला होता. समोर छापील अर्ज होता : 'मी स्वेच्छेने निवृत्ती घेऊ इच्छितो.' कारभारींची सकाळी तशी काहीच इच्छा नव्हती. संध्याकाळपर्यंत ती झाली. दाराबाहेर सिक्युरिटीवाला उभा होता आणि विश्वजीत साहेब अधूनमधून आत डोकावून, "काका, फॅमिली समजून सांगतोय," असं म्हणत होते. ज्या जागी आपल्याला फॅमिली म्हणतात तिथे आपला पगार कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत असतो, एवढं समजायला माणसाची पन्नाशी जवळ यावी लागते. कारभारींची आली होती.

त्यांच्याबरोबर सही करून बाहेर आलेला रामकिसन मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने सगळ्यांच्या वतीने कामगार कार्यालयात तक्रार टाकली : सह्या जबरदस्तीने घेतल्या. जबरदस्ती सिद्ध झाली तर नोकरी परत, किंवा रीतसर भरपाई. नाही झाली, तर कंपनीने हातावर ठेवलेला चेक घ्यायचा आणि रामराम. तक्रारीवर कारभारींनीही सही केली. ठळक केली. त्यांचं सगळं भवितव्य त्या एका मुद्द्यावर टांगलेलं होतं, की कारभारी गेले की घालवले.

इथवर प्रकरण सरळ होतं. ते वाकडं झालं पुंडलिकनगरात.

कारभारींच्या भिंतीला भिंत लावून राहणारे काकासाहेब सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. स्वतःच्या सेवापूर्ती सोहळ्याबद्दल ते काल झाल्यासारखं बोलत, आणि त्यातले फेटे दर वर्षी वाढत. एका सकाळी त्यांनी गॅलरीतून विचारलं, "कारभारी, आज सुट्टी?"

"हो."

"काल पण होती."

"रिटायरमेंट घेतली, काकासाहेब."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं ते कारभारींना शेवटपर्यंत समजलं नाही. काकासाहेबांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. "घेतली? आणि सोहळा?"

"सोहळ्याचं काय..."

"असं कसं? बिनसोहळ्याचा घरी बसलेला माणूस म्हणजे एकतर निलंबित, नाहीतर लाच घेताना सापडलेला. लोक काय समजायचे?"

लोक काय समजायचे, हा प्रश्न या गल्लीत रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा जुना आहे. नाल्या तुंबल्या, पाणी आठवड्याने आलं, तरी इथे कुणाची झोप उडत नाही. पण शेजारच्याच्या निवृत्तीचा हार कुणी पाहिला नाही, तर अख्खी गल्ली बेचैन होते. रात्री जेवताना कारभारींनी बायकोजवळ विषय काढला.

"काढलं म्हणून सांगायला लाज वाटती," दीपमाला म्हणाली, "आणि रिटायर झालो म्हणून मांडव घालायला नाय वाटत?"

"मांडव नाही. छोटासा कार्यक्रम. घरगुती."

"आणि तक्रारीचं?"

"तक्रार सरकारसाठी आहे. सोहळा समाजासाठी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत."

दीपमालाने त्यांच्याकडे, चपाती करपल्यावर तव्याकडे बघतात तसं पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी काकासाहेबांच्या मंडळींनी तिला गेटवर गाठून विचारलं, "मग सोहळ्याला पैठणी की काठपदर?" त्यानंतर तिचा विरोध बराच मवाळ झाला.

पहिली अडचण केसांची आली. कारभारी दर पंधरवड्याला केस काळे करत. काकासाहेबांचं म्हणणं पडलं, की इतक्या काळ्या डोक्याने निवृत्त होणं संशयास्पद दिसतं. उलट, कारभारी त्याच दिवसांत वाळूजला नव्या कामासाठी मुलाखती देत फिरत होते, आणि तिथे मालकाचा पोरगा पांढरं दिसलं की "अंकल, कळवतो," म्हणायचा. म्हणजे पोटासाठी काळे आणि प्रतिष्ठेसाठी पांढरे. शेवटी तोडगा निघाला : कल्ले पांढरे सोडायचे, वरचे काळे ठेवायचे. या अवतारात कारभारी वाळूजला म्हातारे आणि पुंडलिकनगरात तरणे दिसू लागले, आणि दोन्हीकडचं काम बिघडलं.

दुसरी अडचण प्रमुख पाहुण्यांची.

"खात्याचा साहेब स्टेजवर पाहिजे," काकासाहेब म्हणाले. "साहेबाशिवाय झाला तर तो सोहळा नव्हे, वाढदिवस."

"आमच्यात खातं नसतं, काकासाहेब. एच.आर. असतं."

"मग एच.आर. आणा."

ज्याने घालवलं त्यालाच सत्काराला बोलवायचं, ही कल्पना कारभारींना आधी चमत्कारिक वाटली. मग त्यांनी विचार केला, की स्टेजवर साहेबानेच खांद्यावर शाल टाकली तर घालवलं म्हणायची कुणाची टाप आहे? अपमान झाकायचा तर अपमान करणाऱ्याच्याच हाताने, हे तर्कशास्त्र कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. ते मध्यमवर्गीय माणूस उपजतच घेऊन येतो.

कंपनीच्या गेटवर कृष्णा होता. याच कृष्णाला कारभारी दर दिवाळीला फराळाचा डबा द्यायचे.

"नाव?" कृष्णा म्हणाला.

"अरे कृष्णा, मी."

"नाव सांगा, साहेब. वर कॅमेरा हाय." मग ओठ न हलवता, "वहिनी बऱ्या हायेत ना?"

कारभारींनी ज्या गेटातून अर्धं आयुष्य न विचारता आत-बाहेर केलं, त्या गेटावर स्वतःचं नाव, कुठून आलात आणि कामाचं स्वरूप सांगितलं. कामाचं स्वरूप 'आमंत्रण'. कृष्णाने गळ्यात 'पाहुणा' असं लिहिलेली पट्टी अडकवली.

विश्वजीत साहेब आमंत्रण ऐकून उठून उभे राहिले. "काका, मी इमोशनल झालो. आजवर इतक्यांना आम्ही... इतके लोक आमच्यातून गेले, पण कुणी पुन्हा फोनसुद्धा उचलला नाही. तुम्ही माणूस मोठे आहात." त्यांनी कारभारींबरोबर फोटो काढला, आणि निघता निघता म्हणाले, "फ्लेक्स लावणार असाल ना? मजकुराची काळजी करू नका, मी पाठवतो. आमच्या लीगलवाल्यांचं मराठी फार सुंदर आहे."

मजकूर खरंच सुंदर होता. 'स्वेच्छेने, आनंदाने व कोणत्याही दबावाविना सेवानिवृत्त होत असलेले, कंपनी परिवाराचे सदैव ऋणी, मा. श्री. कारभारी नरवडे यांचे हार्दिक अभिनंदन.' कारभारींनी तो काकासाहेबांना वाचून दाखवला.

"'कोणत्याही दबावाविना'," काकासाहेब हळूच पुटपुटले. त्यांच्या आवाजात थोडी जळजळ होती. "वजनदार शब्द आहेत. माझ्या फ्लेक्सवर नव्हते."

फ्लेक्सवाल्याने रात्रीतून फ्लेक्स छापला. त्याच्याकडे एकच तयार नमुना होता, कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा. त्याने फोटो बदलला, मजकूर बदलला, पण कोपऱ्यातला डरकाळी फोडणारा वाघ आणि नावाखालचे 'भावी नगरसेवक' हे शब्द तसेच राहिले. फ्लेक्स चौकात चढला आणि दुपारपर्यंत तीन माणसं नालीची तक्रार घेऊन कारभारींच्या दारात आली. संध्याकाळी पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ उतरले, शांतपणे चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "वॉर्ड आपला हाय, नरवडे साहेब. उगा कशाला." 'भावी नगरसेवक'वर रातोरात पांढरी पट्टी चिकटवावी लागली. 'कोणत्याही दबावाविना' मात्र लांबून वाचता येत होतं.

ते रामकिसननेही वाचलं. त्याचा फोन आला.

"जय भीम, कारभारी. दबावाविना म्हंजी? त्या खोलीत तू काय सत्यनारायणाला बसला व्हता का?"

"अरे, ते समाजासाठी आहे रे. सरकारचा काय संबंध?"

"सरकार चौकातून जात नाय व्हय?"

"तू ये मात्र. स्टेजवर तुझाही सत्कार ठेवू."

"मला हाकललंय," रामकिसन म्हणाला. "मी फेटा बांधणार नाय." मग फोन ठेवता ठेवता, "जेवणात काय हाय?"

सोहळा झाला. छोटा आणि घरगुती ठरलेला कार्यक्रम मंगल कार्यालयात गेला, कारण पाचोडहून कारभारींच्या आई आवडाबाई जीप भरून भावकी घेऊन आल्या, आणि भावकीला दिवाणखान्यात बसवलं असतं तर निम्मी काकासाहेबांच्या अंगणात गेली असती. फेटे झाले, औक्षण झालं. स्टेजवर येणारा प्रत्येक वक्ता माईक हातात घेऊन आधी 'कमी वेळात' म्हणाला आणि मग वेळ घेत बसला. एका चुलत्यांनी कारभारींच्या बालपणावर बोलता बोलता स्वतःच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. काकासाहेबांनी अध्यक्षीय भाषणात स्वतःचा सोहळा पुन्हा एकदा साजरा केला.

आणि मग प्रमुख पाहुणे उठले. सत्कारमूर्तीची एखादी गंमत सांगितल्याशिवाय पाहुण्याला टाळी मिळत नाही, हे विश्वजीत साहेबांना कुणीतरी सांगून ठेवलं असावं.

"कारभारी काका म्हणजे एकदम हट्टी माणूस," ते हसत म्हणाले. "सही करायलाच तयार नाहीत! सकाळपासून बसवून ठेवलं. मोबाईल काढून घेतला. मला जेवू द्या म्हणाले, म्हटलं काका, आधी सही, मग जेवण. दारावर माणूस उभा केला, तेव्हा कुठे संध्याकाळी पेन हातात घेतलं. असे हे आमचे लाडके काका."

सभागृह हसलं. भावकी हसली, काकासाहेबांना तर ठसका लागला. फेट्याखाली कारभारीही हसले. न हसण्याची ती जागा नव्हती.

मागे पंगतीत रामकिसनचा हात गुलाबजामवर थांबला. स्टेजचा सत्कार त्याने नाकारला होता. निषेध स्टेजपुरता हाय, जेवणाचा काय दोष, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने शेजारच्याला विचारलं, "हे रेकॉर्ड होऊ राह्यलं ना?"

"व्हय की. दोन कॅमेरे हायेत."

"मंग अजून दोन वाढा," रामकिसन वाढप्याला म्हणाला. "साहेबानं स्वतःच्या तोंडानं केस जिंकून दिली."

कामगार कार्यालयात तारीख लागली. कारभारींबरोबर रामकिसन होता. कंपनीकडून येणं असलेल्या पैशांचं काम आहे एवढंच ऐकून, सरकारी कचेरीत कसं बोलावं हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून काकासाहेब आले होते. सोहळ्यापासून कारभारींकडेच मुक्काम ठोकलेल्या आवडाबाई, घरी एकटीनं काय करू म्हणून सोहळ्याच्याच लुगड्यात येऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. ज्यांच्यापासून लपवायचं ते दोघंही असे खोलीत हजर होते. कारभारींनी सगळा भरवसा रामकिसनने सकाळीच व्हिडिओवाल्याकडून उचलून खिशात टाकलेल्या पेनड्राइव्हवर ठेवला होता. आपल्याला तोंड उघडावं लागू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

कंपनीच्या वकिलांनी बोलायची तसदी घेतलीच नाही. त्यांनी फ्लेक्सचा, पट्टी चिकटवण्याआधीचा रंगीत फोटो टेबलावर पसरला. अधिकाऱ्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "'स्वेच्छेने, आनंदाने व कोणत्याही दबावाविना.' हे तुम्हीच लावलं का?"

"हो, पण ते समाजासाठी..."

"आणि हा वाघ?"

"तो नमुन्यात होता, साहेब."

रामकिसन पुढे झाला. "साहेब, वाघ ऱ्हाऊ द्या. याच कार्यक्रमातलं एच.आर. साहेबांचं भाषण बघा. सगळं कबूल केलंय." त्याने पेनड्राइव्ह असा ठेवला, जणू हुकमाचं पान.

कॉम्प्युटरवर सोहळा सुरू झाला. पडद्यावर आकाशातून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. कारभारींचा चेहरा एका बदामातून बाहेर आला, गिरकी घेऊन दुसऱ्या बदामात गेला. विश्वजीत साहेब माईकपाशी आले, त्यांनी तोंड उघडलं, आणि सनई वाजू लागली.

रामकिसनने आवाज वाढवला. सनई वाढली. विश्वजीत साहेबांचे ओठ हलत होते, हात हलत होते, मनगटावरचं घड्याळ दाखवून 'संध्याकाळी' असं काहीतरी ते म्हणत असावेत, पण ऐकू येत होती ती सनई, आणि मधूनच संबळ.

"भाषणं कोण ऐकतं म्हणून व्हिडिओवाले त्यावर गाणं टाकतातच," काकासाहेब जाणकारपणे म्हणाले. "माझ्या वेळी बासरी टाकली होती."

"हे सगळे हसतायत," अधिकारी पडद्याकडे बघत म्हणाले.

"आनंदाने, साहेब," वकील म्हणाले. "फ्लेक्सवर लिहिल्याप्रमाणे."

रामकिसनने तिथूनच व्हिडिओवाल्याला फोन लावला. मूळ रेकॉर्डिंग? "ते कुठं ठेवतो, भाऊ? कार्ड रिकामं करावं लागतं. पुढचं लग्न असतं ना." हॉलभर माणसांनी ऐकलेली कबुली आता सनईच्या पोटात गेली होती. साक्षीला भावकी आणावी तर वकील म्हणणार, मांडीवर ताट घेतलेल्या माणसाला काय ऐकू येतं. रामकिसन खाली बसला. केस जिंकली म्हणून खाल्लेले सगळे गुलाबजाम आता त्याच्या तोंडावर दिसत होते.

"तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे ते तोंडी सांगा," अधिकारी कारभारींना म्हणाले. "तक्रारीवर सगळ्यांच्या सह्या आहेत. मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्ही गेलात, की तुम्हाला घालवलं?"

कारभारींनी मागे पाहिलं. काकासाहेब बघत होते. आई बघत होती. 'गेलो' म्हटलं तर गल्लीत मान राहत होती आणि तक्रार तिथेच संपत होती, त्यांची आणि तिच्यावर सह्या केलेल्या बाकीच्यांचीही.

"घालवलं," ते पुटपुटले.

"पंखा आहे. मोठ्याने."

"हाकललं, साहेब," कारभारी म्हणाले, आणि मग त्यांना थांबता येईना. "दिवसभर उपाशी कोंडून ठेवलं. फोन घेतला. सही घेतली. हाकललेला माणूस म्हणून गल्लीतून फिरायची हिंमत झाली नाही म्हणून मी स्वतःच हॉल घेतला, स्वतःच फेटा बांधला, आणि ज्यानं हाकललं त्याच्याच हातून शाल घेतली. ती शाल पण मीच आणली होती."

टंकलेखकाने वर पाहिलं. "साहेब, शाल टाइप करू?"

"करा," अधिकारी म्हणाले. "फेटापण करा." वकील काही बोलायला उठले, त्यांना हाताने बसवलं. "फ्लेक्सवर माणूस काय वाटेल ते लिहितो. हा तर भावी नगरसेवकही होता. पुढच्या महिन्यात एच.आर. मॅनेजरना हजर करा. त्यांनाच विचारू."

बाहेर व्हरांड्यात कारभारी आईच्या शेजारी बसले. काकासाहेब दुसऱ्या खांबापाशी, बोलावं की न बोलावं अशा अवस्थेत उभे होते. अखेर "वरणात मीठ कमी होतं तेव्हाच मला शंका आली होती," असं म्हणून ते रिक्षा बघायला निघून गेले.

"आई," कारभारी म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं होतं."

"काय राह्यलं व्हतं?" आवडाबाईंनी बटव्यातून सुपारी काढली. "मला त्याच आठवड्यात कळालं. कंपनीत आपल्याकडची किती पोरं हायेत. बाजारात तर माळवंवाली पण हळहळत व्हती."

"मग भावकी घेऊन सोहळ्याला कशाला आली?"

"तूच बोलावलं ना. आन् मला वाटलं, पोरगं एवढं खोटं बोलू राह्यलं, म्हंजी त्याला लई लागलं असंल." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "फेटा चांगला दिसत व्हता पण."

म्हणजे पाचोडला ठाऊक होतं. भावकीला ठाऊक होतं, आणि तरी ती जीप भरून येऊन हसून, जेवून गेली. त्या फ्लेक्सवर मनापासून विश्वास ठेवायला निघालेला असा एकच पक्ष होता, कंपनीचा वकील, आणि त्याला त्याचा पगार मिळत होता.

एवढ्यात आतून शिपाई लगबगीने आला. "नरवडे तुम्हीच ना? साहेबांनी विचारलंय, फेटेवाल्याचा आन् हॉलवाल्याचा नंबर देता का? महिनाअखेर साहेब रिटायर होऊ राह्यले. चांगला कार्यक्रम करायचा म्हणतात."

"महिनाअखेर?" रामकिसन म्हणाला. "आन् आमची तारीख पुढच्या महिन्यात."

"मंग नवे साहेब येतील. नव्यांपुढं सगळं पहिल्यापास्नं सांगावं लागंल." शिपायाने खिशातून पेन काढलं. "नंबर सांगता?"

कारभारींनी आईकडे पाहिलं.

"सांगशील की," आवडाबाई म्हणाल्या. "आता जीभ वळली तुझी."

कारभारींनी फेटेवाल्याचा नंबर दिला, हॉलवाल्याचा दिला, आचाऱ्याचाही दिला. शिपाई वळला तसं त्यांनी त्याला थांबवलं.

"आणि साहेबांना एक निरोप सांगा," कारभारी म्हणाले. "व्हिडिओवाला दुसरा बघा म्हणावं. भाषणात कोण काय कबूल करून जाईल, सांगता येत नाही."